तुमच्या भागात रेसिंग टिकेल का? आधी दर्दी मोजा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी गाठतं आणि तेच सांगतं, आमच्या भागात रेसिंगचं जाम वेड आहे, पोरं रात्र जागून फॉर्म्युला वन बघतात, बाईकवाल्यांचे तर ग्रुपच्या ग्रुप आहेत, फक्त एक ट्रॅक झाला पाहिजे, मग बघा. मी एवढंच विचारतो की मागच्या वर्षभरात तुमच्याकडे साधी ऑटोक्रॉस तरी झाली का, मोकळ्या मैदानावर प्लास्टिकचे कोन लावून एकेका गाडीचा टाइम मोजतात ती. मग समोरचा विषय बदलतो.

मी बरीच वर्षं हौशी इव्हेंटला झेंडे हलवलेत, टायमिंगच्या टेबलावर बसलोय, पार्किंगमध्ये शिव्याही खाल्ल्यात. त्यामुळे हे लिहितोय ते ज्यांना खरंच आपल्या भागात रेसिंग आणायचीय आणि ती चार वर्षांनी पण चालू असावी असं वाटतं त्यांच्यासाठी. फक्त फोटो काढायला एकदा काहीतरी मोठं करायचं असेल तर इथेच थांबा, त्याला एवढा विचार लागत नाही, फक्त दुसऱ्याचे पैसे लागतात.

कुठली रेसिंग, हे आधी ठरवा

लोक "रेसिंग" म्हणतात आणि डोळ्यासमोर फॉर्म्युला वन असते. तिचं गणित एकदा नीट समजून घ्या म्हणजे अर्धे वाद मिटतील. आयोजक हक्कवाल्या कंपनीला दरवर्षी यजमानपदाची फी देतो, आणि ती साधारणपणे वर्षागणिक वाढत जाते. टीव्हीचे पैसे आयोजकाचे नाहीत, ट्रॅकच्या कडेच्या जाहिराती बहुतेक ठिकाणी त्याच्या नाहीत, बड्या पाहुण्यांचा तो पिटच्या (टीमची गॅरेजं असतात ती जागा) वरचा महागडा कक्ष, तोही त्याचा नाही. मग त्याच्या हातात उरतं काय, तर तिकीट. म्हणजे तुमच्या भागातला प्रत्येक चाहता आला, दोनदा आला, तरी त्या तिकिटांतून फी सुटेल आणि वर ट्रॅकचा खर्च निघेल असं फार कमी ठिकाणी होतं, म्हणूनच नवीन ठिकाणी जिथे जिथे ही रेस जाते तिथे मागे बहुतेक वेळा सरकारचा खिसा असतो.

पटत नसेल तर नेदरलँड्सचं झांडफोर्ट बघा. त्यांचा फॉर्म्युला वन ड्रायव्हर व्हेरस्टापेन याच्यामुळे अख्खा देश केशरी झालेला, २०२१ ला रेस परत आली, लोक ट्रेनने आणि सायकलींवरून यायचे, स्टँड ओसंडून वाहायचे. आयोजक खाजगी, सरकारी अनुदान नाही. आणि तरी त्यांनी स्वतःच जाहीर केलं की २०२६ नंतर बास. स्टँड रिकामे पडले म्हणून नाही हं, भरलेले असतानाच, कारण एखादं वर्ष जरी हुकलं तर तो फटका झेलायला मागे कोणी नाही. चाहत्यांच्या जोरावर वरची रेस कुठवर जाऊ शकते याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही, आणि तीही शेवटी थांबतेय.

आता उलट टोक बघा. पोलंडमध्ये स्पीडवे नावाचा प्रकार चालतो, मातीचा छोटा ओव्हल, ५०० सीसीच्या बाईक, गिअर एक, ब्रेक नाही (खरंच नाही), एका हीटमध्ये (म्हणजे एका छोट्या रेसमध्ये) चार रायडर, चार लॅप, साधारण एका मिनिटात खेळ खल्लास, आणि अशा १५ हीटची एक मॅच. लेश्नो नावाचं साठेक हजार वस्तीचं गाव आहे, तिथली टीम देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या टीमपैकी. लोक फुटबॉलच्या मॅचला जावं तसे मफलर घालून जातात, कारण टीमला गावाचं नाव आहे आणि मॅच दर दोन-तीन आठवड्यांनी घरच्या मैदानावर असते. अमेरिकेत आयोवा राज्यातलं नॉक्सव्हिल तर याहून लहान, आठ हजाराच्या आत वस्ती, पण अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक आहे, सीझनमध्ये शनिवारी रात्री रेस, आणि १९६१ पासून ऑगस्टमध्ये स्प्रिंट कारची मोठी स्पर्धा भरते तेव्हा गावाच्या कितीतरी पट माणूस तिथे लोटतो.

म्हणजे स्थानिक चाहत्यांवर रेसिंग चालते का, तर चालते, रग्गड चालते, पण ती छोटी, स्वस्त आणि वारंवार होणारी असेल तर. वर्षातून एकदा येणारी सर्कस चाहत्यांवर चालत नाही. तुम्हाला यातलं काय करायचंय ते कागदावर लिहा, मग पुढचं वाचा.

हौशे, नवशे, गवशे वेगळे काढा

आपल्याकडे जत्रेला येणाऱ्यांचे तीन प्रकार सांगतात ना, ते रेसिंगला अगदी चपखल बसतात. हौशे एकदा बघायला येतात, सेल्फी काढतात, पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी नवीन असलं की तिकडे. गवशे म्हणजे पास कुठून मिळतो का बघणारे, स्टॉल लावता येईल का विचारणारे, नेत्याबरोबर येणारे. आणि नवशे म्हणजे ज्यांना यायचंच असतं, पाऊस असो, गाडी बंद पडो, बॉस रजा न देवो. तुमचा सगळा डोलारा या नवशांवर उभा राहणार आहे आणि सोशल मीडियावर हे तिघं एकसारखेच दिसतात.

२०११ ला भारतात ग्रेटर नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर पहिली फॉर्म्युला वन झाली तेव्हा रविवारी ९५ हजारांच्या आसपास माणूस आल्याचं सांगितलं गेलं. पुढच्या दोन वर्षांत स्टँड विरळ होत गेले. तिन्ही रेस जर्मनीच्या व्हेटेलने जिंकल्या, २०१३ नंतर रेस आलीच नाही, त्यात राज्य सरकारने हा खेळ नसून मनोरंजन आहे म्हणून कर लावायचा घेतलेला पवित्रा आणि त्याचे वाद हेही कारण होतंच. पण मला नेहमी वाटतं की त्या पहिल्या वर्षाच्या आकड्यात नवशे किती होते हे कोणी मोजलंच नव्हतं. नव्याची नवलाई नऊ दिवस. तिथेच २०२३ ला मोटोजीपी, म्हणजे बाईकची सगळ्यात वरची जागतिक रेस आली, २०२४ ला आली नाही.

मग नवशे मोजायचे कसे? ऑनलाइन फॉर्म भरून घेऊ नका, तो फुकट असतो म्हणून सगळे भरतात. आम्ही एकदा ऑटोक्रॉस ठेवली होती, ग्रुपवर सव्वाचारशे जणांनी येणार म्हणून अंगठा दाखवला, आम्ही खुर्च्या मागवल्या, पाण्याचे जार मागवले, आणि दुपारी बारापर्यंत गेटवर ६३ डोकी. त्यातली निम्मी ड्रायव्हर लोकांच्या घरची, कोणाची आई, कोणाचा मेहुणा, कोणाच्या ऑफिसातले चार जण. तेव्हा मान खाली गेली होती, पण नंतर लक्षात आलं की हेच तर खरं भांडवल आहे, एक ड्रायव्हर उतरला की तो सरासरी चार-पाच माणसं घेऊन येतो आणि ती माणसं पुढच्या वेळीही येतात कारण त्यांना कोण जिंकतंय याच्याशी देणंघेणं असतं.

म्हणून मी मोजायला सांगतो ते हे. एक, तुमच्यापासून गाडीने तीन तासांच्या आत राहणारे किती जण स्वतः स्पर्धेत उतरतात, लायसन्सवाले, कार्टिंगवाले, रॅलीवाले, डर्ट बाईकवाले सगळे धरून. दोन, किती जण बिनपैशाचे दिवसभर उन्हात मार्शल म्हणून, म्हणजे ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवायला आणि सुरक्षा बघायला, उभे राहायला तयार आहेत. तीन, किती जण आत्ता, तारीख जाहीर व्हायच्या आधी, थोडे तरी पैसे भरून जागा धरतील. या तीन आकड्यांपुढे बाकी फॉलोअर, लाइक, व्ह्यू सगळं झूट. आणि तिन्हींतला दुसरा सगळ्यात खरा आहे, कारण फुकटात ऊन खायला फक्त दर्दीच येतो.

अंतराचं गणित, आणि ते कुठे चुकतं

सगळे सांगतात की शहराजवळ पाहिजे. बरोबर आहे, पण अर्धंच.

दक्षिण कोरियाने येओंगाममध्ये ट्रॅक बांधला, सोलपासून जवळपास ४०० किलोमीटर लांब. प्लॅन असा की ट्रॅकभोवती नवीन शहर उभं राहील, रस्त्याच्या कडेला इमारती येतील. २०१० ला पहिली रेस, ट्रॅकची अंतिम तपासणी रेसच्या दोन आठवडे आधीपर्यंत चाललेली, शहर काही उभं राहिलं नाही, आसपास धड हॉटेलं नाहीत, आणि चार रेसनंतर २०१३ ला खेळ संपला. आधी कळस मग पाया म्हणतात ते हेच.

आता थायलंडचं बुरीराम बघा. हेही बँकॉकपासून साधारण ४०० किलोमीटर! तरी २०१८ ला पहिल्यांदा मोटोजीपी झाली तेव्हा तीन दिवसांत मिळून दोन लाखांच्या वर लोक आले. फरक कुठे पडला? एकतर तिथे घरटी बाईक आहे, लोकांना रायडर काय करतोय ते अंगाने कळतं, टीव्हीवरून शिकावं लागत नाही. दुसरं, ट्रॅकला लागूनच फुटबॉलचं मोठं स्टेडियम आहे, तिथला क्लब देशातला तगडा, म्हणजे बाहेरगावाहून मॅच बघायला बुरीरामला जायचं ही सवय लोकांना आधीच लागलेली. आणि तिसरं, ट्रॅक २०१४ ला सुरू झाला, २०१५ ला सुपरबाईकची जागतिक मालिका आली, मग कुठे २०१८. तीन-चार वर्षं पार्किंग, तिकीट, मार्शल यांची रंगीत तालीम झाली होती. सरकारी मदत होतीच, ती नाकारत नाही, पण फक्त सरकारी मदतीने माणूस ४०० किलोमीटर येत नाही, कोरियातही सरकारच होतं की.

मलेशियाचं सेपांग याच मुद्द्याला पुष्टी देतं. ट्रॅक तोच, खुर्च्या त्याच. १९९९ ला सुरू झालेली फॉर्म्युला वन २०१७ ला त्यांनी बंद केली, तिकिटं खपत नाहीत आणि खर्च वाढतोय म्हणून, आणि मोटोजीपी मात्र चालू ठेवली, ती भरते. तेव्हा तुमच्या भागातले लोक रोज काय चालवतात, कशाबद्दल भांडतात, कुठल्या गाड्या रविवारी धूत बसतात ते बघा. बाईकवाल्यांच्या गावात सिंगल-सीटर कार आणून चाहते तयार होण्याची वाट बघत बसू नका.

अजून एक, स्थानिक म्हणजे आपल्याच हद्दीतला असं धरू नका. हंगेरीची फॉर्म्युला वन १९८६ पासून चालू आहे, तिथे दुसऱ्या देशांतून गाड्या भरभरून लोक येतात, ऑस्ट्रिया, जर्मनी, पोलंड, आणि फिनलँडचे तर झेंडे घेऊन. नकाशावर कंपासने एका दिवसात जाऊन येता येईल एवढं वर्तुळ काढा, त्यात येईल तो तुमचा. वर्तुळात दुसरा ट्रॅक असेल तर रडू नका, उलट तिथले मार्शल आणि ड्रायव्हर तुम्हाला उसने मिळतील, फक्त त्यांच्या तारखेवर तुमची तारीख टाकू नका.

छोटा इव्हेंट करून बघा, पण खराखुरा

सर्व्हे वगैरे राहू दे, एक इव्हेंट करा. जुनी धावपट्टी, मोठं पार्किंग, कार्टिंगचा भाड्याचा ट्रॅक, मातीचं मैदान, जे मिळेल ते. देशाच्या मोटरस्पोर्ट फेडरेशनची किंवा त्यांच्याशी जोडलेल्या क्लबची परवानगी घेऊनच करा, कारण विमा तिथूनच नीट होतो आणि विम्याशिवाय एकही चाक फिरवायचं नाही, मग कोणी कितीही ओळखीचा असो. जागामालकाची परवानगी लेखी. पोलिसांना आधी कळवलेलं.

अँब्युलन्स दोन. एक पुरते असं प्रत्येक नवीन आयोजकाला वाटतं. पण ती एखाद्याला घेऊन हॉस्पिटलला गेली की परत येईपर्यंत रेस बंद, आणि तो दीड-दोन तासांचा वेळ तुमच्या प्रेक्षकांना घरी पाठवायला पुरेसा असतो. आमच्याकडे एकदा मेकॅनिकचं बोट जॅकखाली आलं, ट्रॅकवर काहीच झालं नव्हतं, तरी अख्खी दुपार गेली.

मार्शल जोडीने उभे करा, एकाची नजर येणाऱ्या गाड्यांवर, दुसऱ्याच्या हातात झेंडा किंवा फायर एक्स्टिंग्विशर. येणाऱ्या गाड्यांकडे पाठ कधीच करायची नाही, हे आदल्या दिवशी मैदानावर उभं करून शिकवा, व्हिडिओ पाठवून नाही. त्यांना सकाळचा चहा-नाश्ता वेळेवर, जेवण जागेवर, आणि दर दोन तासांनी बदली. हे लिहितोय कारण बहुतेक इव्हेंट पैशावाचून बंद पडण्याआधी मार्शलवाचून बंद पडतात. ज्याला एकदा सकाळी सहापासून पाण्याविना उभं केलं तो दुसऱ्यांदा फोन उचलत नाही, आणि का उचलावा?

प्रेक्षकांसाठी काय, तर सावली, पाणी, स्वच्छ टॉयलेट, आणि काय चाललंय ते कळणं. शेवटच्याला सगळे विसरतात. एका इव्हेंटला आमचा स्पीकर बिघडला, मग टायमिंगवाल्या पोरीने एक पांढरा फळा आणून त्यावर मार्करने प्रत्येकाचा टाइम लिहायला सुरुवात केली, वर सगळ्यात फास्ट, खाली बाकीचे, बदल झाला की पुसून परत. अर्ध्या तासात ट्रॅकच्या कडेपेक्षा त्या फळ्यापाशी जास्त माणसं. कोणीतरी ०.३ सेकंदाने दुसऱ्यावरून पहिला आला की ओरडाआरडा, पैजा, ज्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही तो काकाही विचारायला लागला की लाल गाडीवाला परत कधी सुटणार. नुसता आवाज आणि धूळ बघायला माणूस वीस मिनिटं थांबतो, स्पर्धा कळली की दिवसभर थांबतो. तेव्हापासून स्पीकर असो नसो, फळा असतोच.

गेटवर एकच प्रश्न

पहिल्या इव्हेंटला गेटवर हातातलं क्लिकर काउंटर घेऊन माणूस उभा करा, आणि प्रत्येकाला विचारा, कोणाबरोबर आलात? उत्तरं तीनच खणात टाका, ड्रायव्हरच्या ओळखीचा, क्लबचा किंवा आधीचा शौकीन, आणि सहज. दुसऱ्या इव्हेंटपासून प्रश्न बदला, मागच्या वेळी आला होतात का? बास. चाळीस प्रश्नांचा फॉर्म कोणी भरत नाही आणि भरला तरी वाचत कोण बसतंय.

माझा स्वतःचा ठोकताळा, शास्त्र नाही, असा की दुसऱ्या इव्हेंटला तीनातला एक जण परत आलेला असेल तर हालचाल आहे, चारात एकाच्या खाली गेला तर तुम्ही दरवेळी नवीन हौशे गोळा करताय आणि ते एक दिवस संपणार आहेत. एकूण डोकी वाढली आणि परत येणारे घटले तर तो वाईट निकाल समजा, पोस्टरवर मात्र तो चांगला दिसतो, तिथेच लोक फसतात.

पैसे

एकूण खर्च १०० धरा. माझ्या मते एंट्री फी आणि पिट पास मिळून निम्मा तरी सुटला पाहिजे. पिट पास म्हणजे ड्रायव्हरच्या टीमला, घरच्यांना, दोस्तांना आत जायचा पास, आणि छोट्या ट्रॅकवाल्यांना विचाराल तर ते सांगतील की कित्येकदा पुढच्या गेटपेक्षा या मागच्या गेटवर जास्त जमतं. म्हणजे ड्रायव्हर हाच तुमचा पहिला गिऱ्हाईक. त्याला दिवसात फक्त दोन राउंड मिळाले, तासन्तास रांगेत ठेवलं, तर तो आणि त्याची पाच माणसं गेली समजा. उरलेल्या निम्म्यात तिकीट आणि स्पॉन्सर. स्पॉन्सरचं फक्त खात्यात आलेलं धरायचं, "बघू, करू काहीतरी" म्हणणाऱ्याचं शून्य. आणि १०० खर्च धरलाय तर १२० ची तयारी ठेवा कारण पाऊस आहे, जनरेटर आहे, आणि ऐन वेळी वाढीव मागणारा कोणीतरी असतोच.

कायमचा ट्रॅक बांधायचा विचार असेल तर रेसचे दिवस विसरून जा आणि उरलेल्या ३०० दिवसांचं काय ते सांगा. ट्रॅक डे (लोक पैसे भरून स्वतःची गाडी ट्रॅकवर चालवतात तो दिवस), ड्रायव्हिंग स्कूल, कंपन्यांच्या गाड्यांचं टेस्टिंग, शूटिंग, पोलिसांचं ट्रेनिंग, ट्रॅक यावर जगतो. तुर्कीचा इस्तंबूल पार्क केवढा भारी ट्रॅक, आठव्या वळणाला जगभरचे ड्रायव्हर वाखाणतात, तरी २०११ च्या रेसनंतर एक काळ असा होता की तिथे सेकंडहँड गाड्या उभ्या असायच्या. ट्रॅकचा दर्जा आणि ट्रॅकचं पोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपला हिरो आला की सगळं होईल?

नाही होत. जर्मनीत एका शूमाखरचे सात किताब, व्हेटेलचे चार, रोझबर्गचा एक, एके काळी वर्षाला दोन-दोन फॉर्म्युला वन रेस, आणि २०१९ नंतर हॉकेनहाइमला रेस नाही, २०२० ला न्युर्बर्गरिंगला झाली तीही महामारीने कॅलेंडर कोलमडलं म्हणून. हिरो हा फोडणीसारखा आहे, खाली डाळ शिजलेली पाहिजे.

एस्टोनियाने डाळ आधी शिजवली. तेरा लाखांचा देश. त्यांची रॅली २०१० ला सुरू झाली, २०१४ ला युरोपियन चॅम्पियनशिपमध्ये गेली, त्यांचा रॅली ड्रायव्हर ऑट तानाक २०१९ ला जगज्जेता झाला, आणि २०२० ला रॅली जागतिक मालिकेत आली, तीही पहिल्याच वर्षी तानाकनेच जिंकली. हिरो आला तेव्हा घर तयार होतं. तुमच्या भागातला पोरगा कार्टिंगमध्ये चमकतोय तर त्याच्यावर बॅनर लावण्यापेक्षा त्याच्या मागे अजून वीस पोरं कार्टमध्ये बसतील असं बघा, तो उद्या बाहेर जाईल, जायलाच पाहिजे, ही वीस इथे राहतील.

सरकार आणि शेजारी

सरकारी मदत मिळाली तर घ्या, पण इव्हेंट तिच्यावर टांगू नका. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची टूरिंग कारची रेस १९९९ पासून चाललेली, २०२० ला राज्य सरकारने बंद केली, मग विरोधी पक्षाने निवडणुकीत परत आणायचं वचन दिलं, ते निवडून आले आणि २०२२ च्या डिसेंबरला रेस परत झाली. तिथे लोकांना ती हवी होती म्हणून मुद्दा निवडणुकीत चालला हे खरं, पण तुमच्या तिसऱ्या वर्षी मतदान कसं होईल ते तुमच्या हातात नाही.

शेजारी मात्र तुमच्या हातात आहेत. इंग्लंडमध्ये क्रॉफ्ट नावाच्या ट्रॅकवर आवाजावरून शेजारी कोर्टात गेले आणि २००९ मध्ये अपील कोर्टाने जास्त आवाजाचे दिवस वर्षाला ४० वर आणून ठेवले, म्हणजे वर सांगितलेल्या त्या ३०० दिवसांच्या धंद्याला तिथेच कात्री. तर पहिल्या इव्हेंटच्या आधी आसपासच्या प्रत्येक घरी जा, तारीख, सुरू व्हायची आणि बंद व्हायची वेळ, आणि एका माणसाचा नंबर जो खरंच फोन उचलेल, हे छापून द्या. बंद व्हायची वेळ पाळा, फायनल राहिली तरी पाळा. एकदा आम्ही वीस मिनिटं ताणलं होतं आणि पुढच्या वेळी त्या जागेची परवानगी काढायला चार महिने गेले.

माणसं कशाने तुटतात

हरण्याने नाही, कंटाळ्यानेही फारसं नाही, फसवलं गेल्याच्या भावनेने. इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला २००० साली फॉर्म्युला वन रेस एप्रिलमध्ये घेतली, पावसाने पार्किंगचा चिखल झाला, शनिवारी तर गाड्या येऊच नका म्हणून सांगायची वेळ आली. इंडियानापोलिसला २००५ मध्ये टायरच्या भांडणात फक्त सहा गाड्या रेसला उतरल्या, लोक भडकले, मग टायर कंपनी मिशेलिनने तिकिटाचे पैसे परत दिले. लास व्हेगासला २०२३ मध्ये पहिल्याच प्रॅक्टिसला रस्त्यावरच्या झाकणाने घोळ केला, सेशन काही मिनिटांत बंद, आणि पहाटे दुसरं सुरू व्हायच्या आधी प्रेक्षकांना बाहेर काढलं. ही बडी नावं, त्यांना पचतं. नवीन भागात नवीन आयोजकाला असलं एकही पचत नाही, कारण तिथे लोकांकडे जुन्या चांगल्या आठवणी नसतात.

म्हणून इव्हेंट रद्द झाला तर काय, अर्धा झाला तर काय, हे तिकिटावरच छापा, साध्या भाषेत. पैसे परत द्यायची वेळ आली तर आठवड्यात द्या. आणि रद्द करायचं ठरलं की लगेच सांगा, सकाळी सहाला सांगितलेलं लोक माफ करतात, अकराला गेटवर कळलेलं नाही करत.

तिसऱ्या वर्षी

तिसऱ्या वर्षी नवलाई संपलेली असते आणि तुमच्या वहीत तीन वर्षांचे आकडे असतात. स्पर्धक वाढलेत का, मार्शल तेच परत येतायत का, गेटवर तीनातला एक ओळखीचा आहे का. तिन्ही हो असेल तर एक पायरी वर चढा, एकच, म्हणजे ऑटोक्रॉसवरून धावपट्टीवरच्या स्प्रिंटकडे (छोट्या अंतराची टाइमवर चालणारी शर्यत) किंवा क्लबच्या रेसकडे, किंवा वर्षाला दोनाऐवजी चार तारखा. तारखा वाढवणं हे मला मोठं करण्यापेक्षा नेहमी जास्त पटतं, पोलंडवाल्यांचं गणित तेच आहे.

स्पर्धक आहेत पण प्रेक्षक नाहीत असं निघालं तर स्टँड, स्टॉल, स्टेज सगळं काढून टाका आणि नुसता क्लबचा इव्हेंट करा, खर्च एकदम खाली येतो आणि असे इव्हेंट वर्षानुवर्षं आरामात चालतात. प्रेक्षक आहेत पण स्पर्धक नाहीत, हे जास्त वाईट, कारण मग बाहेरून गाड्या आणाव्या लागतात आणि त्यांचं भाडं तुमच्या तिकिटातून जातं. अशा वेळी एक सीझन रेस थांबवा आणि त्याच पैशातून भाड्याच्या कार्टवर महिन्यातून एक रविवार पोरांना बसवा. टायमिंग लावा, फळा लावा, आणि संध्याकाळी गेटमधून बाहेर पडायच्या आत पुढच्या रविवारची तारीख फळ्यावरच लिहून ठेवा.